पगार वाढला, दवाखाना सुटला

राज्य कामगार विमा योजनेखालच्या एखाद्या कामगाराचा पगार महिना २०,८०० रुपये आहे असे धरू. नवा करार होतो, ७०० रुपयांची वाढ पदरात पडते आणि पगार २१,५०० रुपये होतो. कारखान्याच्या फाटकावर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात. या वाढीचा हिशेब मात्र फाटकावर सहसा कोणी मांडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये ठरलेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडल्यामुळे, चालू वर्गणीकाळ संपताच, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर, हा कामगार योजनेबाहेर जातो. त्याच्या पगारातून कापले जाणारे पाऊण टक्का, म्हणजे १५६ रुपये, वाचतात. मालकाने भरावयाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ६७६ रुपये, तेही वाचतात. सातशेच्या वाढीपैकी ६७६ रुपये मालकाच्या खिशात परत आले. भविष्य निर्वाह निधी वगैरे अन्य बाबी सोडल्या, तर त्याला पडलेला खर्च २४ रुपयांचा. त्या चोवीस रुपयांत कामगाराच्या, त्याच्या पत्नीच्या, मुलांच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या आजारपणाची कायद्याने घातलेली जबाबदारी मालकाच्या शिरावरून उतरली. चोवीस रुपयांत इतका मोठा सौदा बाजारात अन्यत्र कोठे होत असेल असे वाटत नाही.

कामगाराने काय गमावले, हे त्याला पुष्कळदा पहिल्या मोठ्या आजारातच कळते. राज्य कामगार विमा योजनेत उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. मूत्रपिंड निकामी झाले, कर्करोग झाला, हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली, तरी अमुक लाखांपुढे तुझे तू पाहा, असे ही योजना म्हणत नाही. आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख रक्कम मिळते; ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. सलग नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगाराला व त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात. हे सर्व मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. मालकाने वर्गणी बुडवली तर तो गुन्हा ठरतो. कामगाराच्या हातातले कार्ड हा त्याचा हक्क असतो, तो कोणी त्याला बक्षीस म्हणून दिलेला नसतो.

याच्या बदल्यात चांगल्या कारखान्यांतून आणि बहुतेक मोठ्या कचेऱ्यांतून त्याला दुसरे एक कार्ड मिळते. ते सामूहिक आरोग्य विम्याचे. गुळगुळीत कागदाचे, त्यावर खाजगी रुग्णालयांच्या यादीचा हवाला, आणि ‘कॅशलेस’ हा जादूचा शब्द. हा विमा म्हणजे मालक आणि विमा कंपनी यांच्यातला एक वर्षाचा करार होय. कामगार या करारात पक्षकार नसतो. ज्याच्या शरीराविषयी करार आहे त्याचीच त्यावर सही नसते. वर्ष संपले की कंपनी गेल्या वर्षीचे दावे आणि गेल्या वर्षीचा हप्ता समोरासमोर ठेवते. दावे जास्त झाले असतील तर हप्ता वाढवून मागते. मग व्यवस्थापनापुढे दोन वाटा असतात. वाढीव हप्ता भरावा, किंवा तेवढ्याच हप्त्यात बसेल एवढे संरक्षण छाटावे. कोणती वाट धरली जाते हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही.

छाटणी सहसा आईवडिलांपासून सुरू होते, कारण म्हाताऱ्या माणसांचे दावे जास्त. पहिल्या वर्षी त्यांचा समावेश फुकट असतो. दुसऱ्या वर्षी त्यांचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जातो. तिसऱ्या वर्षी त्यांना यादीतूनच वगळले जाते, आणि साठी ओलांडलेल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या आईसाठी नवा वैयक्तिक विमा शोधायला मुलगा बाहेर पडतो तेव्हा बाजार त्याला त्याची किंमत सांगतो. त्यानंतर येतो कामगाराचा ‘सहभाग’. प्रत्येक दाव्यातले दहा टक्के, मग वीस टक्के त्याने स्वतः भरायचे. त्याहून फसवे कलम खोलीभाड्याचे आहे. तीन लाखांचा विमा, आणि खोलीभाडे त्याच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये, एवढेच मान्य, अशी अट कागदावर निरुपद्रवी दिसते. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात ६,००० रुपयांचीच खोली रिकामी असते, आणि रात्री अकरा वाजता छातीत कळ आलेल्या माणसाचे नातेवाईक भाड्याची घासाघीस करीत बसत नाहीत. बिल आल्यावर कळते की खोलीभाडे निम्मेच मान्य झाले, म्हणून शल्यचिकित्सकाचे व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे झाले. १,२०,००० रुपयांच्या शुल्काचे ६०,००० उरतात. त्यावर वीस टक्के ‘सहभाग’ लागला की ४८,००० उरतात. बाकीचे ७२,००० रुपये सहकारी पतपेढीतून, नात्यागोत्यातून, किंवा दागिना गहाण टाकून उभे राहतात. विमा आहे, कार्ड आहे, रुग्णालय यादीतले आहे, आणि तरी कर्ज झाले.

हे बदल कामगाराला कळतात कसे? एप्रिलच्या एखाद्या दिवशी परिपत्रक निघते, ‘धोरणात काही सुधारणा करण्यात आल्या आहेत’. सुधारणा हा शब्द इतक्या निर्लज्जपणे क्वचितच वापरला जात असेल. चर्चा नाही, पूर्वसूचना नाही, संघटनेला पत्र नाही.

या प्रकारात फसला तो केवळ कारखान्यातला कामगार नव्हे. मे २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर बँक कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन खर्चाची जुनी भरपाई-पद्धत जाऊन तिच्या जागी सामूहिक विमा आला: अधिकाऱ्यांना चार लाख, इतरांना तीन लाख. नोकरीत असलेल्यांचा हप्ता बँका भरत होत्या. निवृत्तांना त्याच विम्यात यायचे तर हप्ता स्वतः भरायचा होता. पहिल्या वर्षी तो परवडण्याजोगा वाटला, पुढील काही वर्षांत तो पटींनी चढत गेला, आणि ज्यांना विम्याची सर्वांत जास्त गरज होती त्या वयातले निवृत्त कर्मचारीच त्यातून गळत गेले. देशातल्या सर्वांत संघटित आणि सर्वांत अनुभवी संघटनांपैकी काहींना जर हे रोखता आले नाही, तर औद्योगिक वसाहतीतल्या पाचपन्नास कामगारांच्या युनियनची काय कथा! सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा वस्तू व सेवा कर माफ केला, त्याचा गाजावाजाही झाला. त्या निर्णयाने सामूहिक विम्याला मात्र हात लावला नाही. त्यावरचा १८ टक्के कर तसाच राहिला. स्वतःपुरता विमा विकत घेणाऱ्या ग्राहकाला सूट आणि सामूहिकपणे विमा घेणाऱ्या पगारदार व निवृत्तांना कर, यामागचे तत्त्व समजून घेण्यास अर्थशास्त्र अपुरे पडते.

करोनाच्या काळातला एक प्रसंग येथे आठवावा. टाळेबंदीत कारखाने पुन्हा सुरू करण्याची मुभा देताना १५ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कामगारांचा वैद्यकीय विमा उतरवणे सक्तीचे केले. मरणाची भीती दारात उभी राहिली तेव्हा कामगाराच्या आरोग्याचा खर्च हा उत्पादनाचाच खर्च आहे, हे सरकारला तत्काळ उमगले. साथ ओसरली आणि त्याबरोबर ती समजही ओसरली.

मालकाने दिलेल्या विम्यावरच सारी भिस्त ठेवली तर प्रवास कोठवर जातो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात तेथे वेतनवाढीवर निर्बंध आले, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला; पुढे करसवलतीने ती प्रथा पक्की झाली. आज त्या देशात कोट्यवधी कुटुंबांचा दवाखाना नोकरीला बांधलेला आहे. कैसर फॅमिली फाउंडेशन या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीनुसार तेथील मालक-पुरस्कृत कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता आणि त्यातले ६,८५० डॉलर कामगाराच्या पगारातून गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये जनरल मोटर्सचे सुमारे ४९,००० कामगार संपावर गेले, तेव्हा कंपनीने लगोलग त्यांच्या विम्याचा हप्ता भरणे थांबवले. देशभर टीका झाल्यावर काही दिवसांनी तिने पाऊल मागे घेतले. रासायनिक उपचारांच्या मध्यावर असलेल्या मुलाचा बाप संपात किती दिवस टिकेल, याचे गणित त्या कंपनीने मांडले होते. कारखान्याच्या फाटकाला टाळे ठोकण्यापेक्षा हे हत्यार स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे. जेथे मालकाच्या मर्जीवरचा विमा कायद्याच्या विम्याची जागा घेतो, तेथे हे हत्यार मालकाच्या हाती आपोआप येते.

तरीही प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करावी लागेल. विमा योजनेतून बाहेर पडलेल्या कामगाराला पहिल्या दिवशी दुःख होत नाही. पुष्कळदा त्याला सुटल्यासारखे वाटते. सर्व्हिस डिस्पेन्सरीतील रांग, ‘हे औषध नाही, बाहेरून घ्या, पैसे नंतर मिळतील’ हे उत्तर, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात धाडणारी चिठ्ठी, हे त्याने अनुभवलेले असते. दर ठेकेदार बदलला की विमा क्रमांकाचा घोळ होतो. वर्गणी कापली जाते आणि कार्ड मात्र महिनोन् महिने हाती पडत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, धुरात गुदमरून रुग्ण दगावले, आणि त्यानंतर एका मोठ्या औद्योगिक पट्ट्यातले हे रुग्णालय वर्षानुवर्षे जवळजवळ बंद राहिले. ज्याच्या डोळ्यांपुढे हे चित्र आहे, त्याला ‘कॅशलेस’ कार्डाची भुरळ पडली तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कार्यकर्त्यांनी सभेत कायद्याची महती गायची आणि श्रोत्यांनी मनातल्या मनात परवाचा हेलपाटा आठवायचा, असे घडत असेल तर सभा जिंकता येत नाही.

प्रश्न असा आहे की या दवाखान्यांची ही अवस्था पैशांअभावी झाली काय? तसे मुळीच नाही. महामंडळाची जमा वर्षानुवर्षे खर्चाहून अधिक राहिली आणि शिल्लक ठेवींत साचत गेली. २०१८-१९ मध्ये मालक आणि कामगार मिळून २२,२७९ कोटी रुपये वर्गणी जमा झाली होती. दवाखाने चालवायचे राज्य सरकारने, खर्चाचा सात-अष्टमांश भाग द्यायचा महामंडळाने, डॉक्टरांच्या नेमणुका एकाच्या हाती आणि पैसा दुसऱ्याच्या, या व्यवस्थेत जबाबदारी नेमकी कोणाची, हे गेल्या सत्तर वर्षांत ठरलेले नाही. साचलेल्या शिलकेवर उपाय काय निघाला? खाटा वाढवणे, औषधांचा पुरवठा सुधारणे, ओस पडलेल्या परळ-ठाण्याच्या इमारती माणसांनी भरणे हे सुचू शकले असते. सुचले ते असे की १ जुलै २०१९ पासून वर्गणीच साडेसहा टक्क्यांवरून चार टक्के करावी. मालकाचा वाटा पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन झाला, कामगाराचा पावणेदोनवरून पाऊण. १५,००० रुपयांच्या पगारामागे कामगाराचे १५० रुपये वाचले आणि मालकाचे २२५. कामगारांना दिलासा म्हणून जाहीर झालेल्या या निर्णयात मोठा दिलासा कोणाला मिळाला, हे एक आणि दीड या अंकांत शोधण्याची गरज नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या बाईला ते ठाऊक आहे. तिची रांग एका माणसानेही कमी झाली नाही.

या योजनेचा उगम ज्या विचारातून झाला तो विचार अगदी वेगळा होता. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना १९४४ साली सादर केली. १९४८ साली कायदा झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेला प्रारंभ झाला आणि १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबईत आली. गिरणगावातल्या पिढ्या पॅनेलच्या डॉक्टरकडे आणि परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात वाढल्या त्या याच कायद्याच्या आधारे. तेव्हा वेतनमर्यादा ४०० रुपये होती आणि यंत्रावर उभा राहणारा सामान्य गिरणी कामगार तिच्या खूप खाली होता. मर्यादा होती ती अधिकाऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी. महागाई वाढली, मर्यादा मात्र मागे मागे राहिली, आणि जी रेषा साहेबांना बाहेर ठेवण्यासाठी आखली होती तिने हळूहळू कामगारांनाच बाहेर ढकलायला सुरुवात केली.

ही विसंगती आता हास्यास्पद टोकाला पोचली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या कामांसाठी जे किमान वेतन ठरवले, त्यात ‘अ’ वर्गाच्या शहरांत बांधकाम, झाडलोट, मालाची चढउतार करणाऱ्या अकुशल कामगाराला दिवसाला ७८३ रुपये, महिन्याला २०,३५८ रुपये, आणि अर्धकुशल कामगाराला दिवसाला ८६८, म्हणजे महिन्याला २२,५६८ रुपये धरले. म्हणजे सरकारच्याच एका कागदानुसार जो माणूस किमान वेतनावर जगतो, तो त्याच सरकारच्या दुसऱ्या कागदानुसार विम्याची गरज नसण्याइतका सधन ठरतो. दोन्ही कागद एकाच श्रम मंत्रालयातून निघतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली. वेतनाची व्याख्या बदलली, पण वेतनमर्यादेचे तत्त्व संहितेनेही जपले आहे.

मर्यादा ३०,००० रुपयांवर न्यावी अशी मागणी कामगार संघटनांनी अनेकदा केली आहे. ती योग्यच आहे, पण अपुरी आहे. आज तीस हजार केली तर पाच-सात वर्षांनी हाच खेळ तीस हजारांच्या रेषेवर सुरू होईल आणि पुन्हा सातशे रुपयांची वाढ चोवीस रुपयांत पडेल. दोष आकड्यापेक्षा बाहेर काढण्याच्या नियमात आहे. भविष्य निर्वाह निधीची रीत पाहावी. तेथेही वेतनमर्यादा आहे, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांची. परंतु एकदा सभासद झालेला कामगार पगार पंधरा हजारांवर गेला म्हणून निधीतून हाकलला जात नाही. वर्गणी फार तर मर्यादेइतक्या वेतनावर आकारली जाते. सभासदत्व कायम राहते. म्हातारपणाच्या पैशांबाबत जो न्याय लागू आहे तो आजारपणाला का लागू नसावा? पगार ४०,००० झाला तरी वर्गणी २१,००० वर घ्यावी, हवी तर पूर्ण वेतनावर घ्यावी, पण कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढू नये. हे अशक्य आहे असे महामंडळही म्हणू शकणार नाही. वेतनमर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर पडलेल्या काही निवृत्त कामगारांना पुन्हा वैद्यकीय सेवा देण्याचा निर्णय त्याने स्वतःच फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. निवृत्तीनंतर आत घेता येते, तर नोकरीत असताना बाहेर का काढायचे?

यावर मालकसंघटनांचे उत्तर ठरलेले आहे: आम्ही सामूहिक विमा देतोच, दोन्हींचा भार कशासाठी? सामूहिक विमा अवश्य द्यावा. कायद्याच्या विम्याच्या वर द्यावा. तातडीच्या प्रसंगी जवळच्या खाजगी रुग्णालयाचे दार उघडण्यापुरता तो उपयोगी आहे. दीर्घ आजाराचा, बुडालेल्या पगाराचा आणि निवृत्तीनंतरच्या वर्षांचा भार तो उचलत नाही. नोकरी सुटली की त्या दिवशी तोही सुटतो.

दरम्यान कामगार संघटनांना कायदा बदलेपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बहुतेक करारांत वैद्यकीय विम्याविषयी एक ओळ असते: ‘व्यवस्थापनाच्या प्रचलित धोरणानुसार’. ही ओळ म्हणजे कोरा धनादेश आहे. विम्याची रक्कम, आईवडिलांचा समावेश, खोलीभाड्याची अट, हप्त्यातला वाटा, हे सारे आकड्यांसह कराराच्या कागदावर आले पाहिजे आणि करार संपेपर्यंत ते बदलता कामा नये. विमापत्राची प्रत आणि मागील वर्षाच्या दाव्यांचा तपशील संघटनेने मागून घ्यावा. बहुतेक ठिकाणी तो आजवर कोणी मागितलेलाच नाही. चालत आलेली सवलत काढून घेण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ ने घातले होते आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. एप्रिलमध्ये ‘सुधारणां’चे परिपत्रक निघेल तेव्हा या कलमाखाली हरकत नोंदवणारे पत्र त्याच आठवड्यात व्यवस्थापनाच्या हाती पडावे. आणि वेतनवाढीच्या वाटाघाटीत, ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या उंबरठ्यावर आहे अशांची वेगळी यादी करून, मालकाचे वाचणारे सव्वातीन टक्के वाढीव रकमेतून वजा न होता त्यांच्या आरोग्यावरच खर्ची पडतील असे कलम आग्रहाने घालून घ्यावे. ही यादी प्रत्येक युनियनला आपल्या कचेरीत एका संध्याकाळी करता येईल.